शिसेविरहित पेट्रोलची पहिली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, तीही दोन ब्रेकांची. एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्या बाईंच्या. कारखान्यातून निघाले तेव्हा लांबलांबच्या रस्त्यांची स्वप्नं पाहत होते. नशिबी आलं ड्रायव्हिंग स्कूल. माझे गिअर करकरले, क्लच जळले, एका सद्गृहस्थांनी तर मला थेट भाजीच्या हातगाडीवर घातलं. पण बाईंनी मला कधी बोल लावला नाही. "माझी म्हातारी सोशिक आहे," असं त्या कौतुकानं सांगत.

मग एके दिवशी पेट्रोल पंपावर पाटी लागली: शिसं घातलेलं पेट्रोल लवकरच बंद. त्या शिशाचा धूर लहान मुलांच्या अंगात भिनतो, मेंदूला अपाय करतो, म्हणून. कारण रास्तच होतं. पण आम्हा जुन्या गाड्यांचं काय? पंपावर जो तो तज्ज्ञ झाला. कोणी म्हणे इंजिन फुटेल, कोणी म्हणे आठवडाभरात गाडी मान टाकेल.

बाईंचे थोरले भाऊ तर भंगारवाल्यालाच घेऊन आले. तो माझ्या दारावर टिचक्या मारू लागला.

"अगं, आत्ताच काढून टाक," भाऊ म्हणाले. "उद्या हिला फुकटही कोणी नेणार नाही."

"दादा, हिच्यावर माझं घर चालतंय. आधी गॅरेजच्या मिस्त्रींना विचारू दे."

मिस्त्री बराच वेळ माझ्या इंजिनात डोकं घालून उभे होते. "खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "व्हॉल्व्ह जिथे आपटतात त्या जागेला शिशाचा आधार होता. आता ती झिजू शकते. पण जास्त झिजते ती गाडी भरधाव पळवल्यावर. तुमची किती पळते?"

बाई खुदकन हसल्या. "दुसऱ्या गिअरच्या पुढे माझे विद्यार्थीच घाबरतात!"

"मग चालवा बिनधास्त. झिजलीच, तर कडक पोलादाच्या कड्या बसवू."

दादा तोंड वाकडं करून भंगारवाल्यासह निघून गेले.

नवं पेट्रोल पोटात गेलं, त्या दिवशी एक परिचारिका शिकायला आल्या होत्या. बाईंचे कान माझ्याच आवाजाकडे. चढावर मी हिसका देऊन बंद पडले. बाईंचा चेहरा पांढराफटक झाला. "संपलं सगळं!"

परिचारिका ओशाळल्या. "बाई, गाडीचा काही दोष नाही हो. माझाच पाय क्लचवरून निसटला."

किल्ली फिरली आणि मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या आणि या दोघी पोट धरून हसत राहिल्या.

पुढे काही वर्षांनी व्हॉल्व्हची ती जागा झिजलीच. मिस्त्रींनी कड्या बसवल्या. दुखलं, पण निभावलं.

मित्रांनो, नवं आलं म्हणून जुन्याला लगेच भंगाराची वाट दाखवू नका. त्याला काय झेपतं ते आधी बघा. आणि नव्याला उगाच नावंही ठेवू नका. परवा चौकात एक आई बाळाला कडेवर घेऊन आम्हा गाड्यांच्या धुरातून रस्ता ओलांडत होती. धूर अजून आहेच. त्यात शिसं मात्र नाही.

"बाई, निघू?" शिकणाऱ्यानं विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या, "बाळाला आधी पलीकडे जाऊ द्या."