ठिपका उजवीकडेच होता

माझ्या विद्यार्थिनीनं तीन वर्षं डोळे फोडून एक ठिपका शोधला. जवळच्या एका ताऱ्याच्या उजवीकडे, इतका मंद की असून नसल्यासारखा. तो त्या ताऱ्याचा सोबती निघाला तर तिची नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेरीला घरी.

ओळखायची रीत सोपी आहे. जवळचा तारा वर्षानुवर्षं थोडा थोडा सरकतो. सोबती असेल तर त्याच्याबरोबर सरकतो. मागचा भलताच तारा असेल तर मागेच राहतो. म्हणून जुना फोटो लागतो. तो माझ्याकडे होता, बारा वर्षांपूर्वी मीच काढलेला. त्यात ठिपका डावीकडे!

मग काय, भर बैठकीत मी तिची सालटी काढली. "बाईसाहेब, हा कसला सोबती? हा तर वाटेत दिसलेला परका! एवढंही कळत नसेल तर दुसरं काहीतरी बघा." सगळे हसले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पोरगी फार शहाणी होत चालली होती. ती एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल."

तिच्या शेवटच्या दिवशी दुपारी चहा घेताना तो फोटो पुन्हा हातात आला. कोपऱ्यातले दोन ओळखीचे तारेही भलत्याच बाजूला. अरे देवा! तो जुना कॅमेरा आरशासारखं डावं-उजवं उलटं दाखवायचा. बसवलाही मीच होता. फोटो उलटा करून पाहिला. ठिपका उजवीकडे, तिनं मोजलेल्या जागी.

शेजारच्या खोलीत ती खोकी बांधत होती. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. उठून दहा पावलं जायचं होतं. पण जाऊन सगळ्यांसमोर काय सांगू, की मीच गाढव आहे? लाज वाटली, नाही असं नाही. चहा गार होत होता, तो प्यालो. थोड्या वेळानं ती किल्ली टेबलावर ठेवून "येते सर" म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी तो सोबती मी जाहीर केला, माझ्या एकट्याच्या नावावर. सत्कार-बित्कार झाला. संध्याकाळी तिचा फोन आला. आता ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे म्हणे.

"अभिनंदन सर! तारा तोच ना हो?"

"तारा तोच, पण ठिपका दुसरा. तुझा तो परकाच होता."

"तरीच," ती म्हणाली. "आणि मी वेडी, वर्षभर समजत होते की माझं बरोबर होतं."

मग माझे आभार मानून तिनं फोन ठेवला.