उलटा पीळ

"तीन इंची नळी काढून चार इंची घालतेस, आणि पत्रा मात्र पातळ! मला दूधखुळा समजतेस का, मार्लिस?"

ऑर्व्हिल ट्वेट सकाळपासून माझ्या वर्कशॉपात खुर्ची टाकून पहारा देत होता. एका दलालाने म्हाताऱ्या गाई तरुण म्हणून त्याच्या गळ्यात मारल्यापासून पूर्व मोंटानात त्याचा कुणावरच भरवसा उरला नव्हता. बायको आर्डिस कोपऱ्यात कॉफी घेत बसली होती.

त्याच्या पिकअपचा शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारी पोलादी नळी, पिळवटून गेला होता.

"ऑर्व्हिल, पीळ सोसतो तो बाहेरच्या कडेचा धातू," मी म्हणाले. "नळी रुंद केली की धातू मध्यापासून लांब जातो आणि जास्त तग धरतो. मग पत्रा जरा पातळ असला तरी चालतो."

"असं तू म्हणतेस."

मी भंगारातून दोन सारख्या वजनाच्या नळ्या काढल्या, एक इंची आणि दोन इंची. एकेक शिकंज्यात आवळून लांब दांड्याचा पाना त्याच्या हातात दिला. पहिल्या नळीला त्याने अंगाचा भार दिला, ती पिळली. दुसरी हलेना. तो घामाघूम झाला.

"तू आधीच निवडून ठेवल्या असशील," तो धापा टाकत म्हणाला.

मी कपाळाला हात लावला आणि जुना शाफ्ट पुसायला घेतला. त्यावर कारखान्यातच मारलेली एक सरळ पिवळी रेघ होती. ती आता नळीभोवती गुंडाळली गेली होती, पण उलट्या बाजूने. आता शंका मला आली.

"तुम्ही यानं काय ओढत होता?"

"गवताचे गठ्ठे. दुसरं काही नाही."

"हा शाफ्ट रिव्हर्समध्ये पिळलाय. कुणीतरी मागे घेत काहीतरी जड खेचलंय."

"मी रिव्हर्समध्ये कधी काही खेचत नाही!" तो उठलाच. "म्हणजे डुएन! तरी म्हटलं, हा गडी हल्ली माझी नजर का चुकवतो! आजच हाकलतो त्याला." त्याने खिशातून फोन काढला.

आर्डिसने कप खाली ठेवला. "डुएनला काही बोलू नकोस. गाडी मी नेली होती."

"तू?"

"गेल्या मंगळवारी. हॅल्व्हर लोकनची गाडी ओढ्यात गेली होती. तो आत अडकलेला आणि पाणी चढत होतं. मी साखळी बांधून मागे घेतली. चिखलात फिरणारी चाकं एकदम डांबरावर आली आणि खाडकन आवाज झाला."

"हॅल्व्हर? आपलं कुंपण सरकवणारा?"

"तोच."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, गाडी कुंपणाच्या अलीकडे होती की पलीकडे."

ऑर्व्हिलने फोन परत खिशात टाकला. मी नवा शाफ्ट बसवेपर्यंत त्याने नळीची जाडी पुन्हा दोनदा मोजली.

निघताना त्याने किल्ली आर्डिसच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला.

"साखळी कुठं बांधली होतीस?"

"पुढच्या हुकाला."

"बंपरला तर नाही ना?"

"हुकाला, ऑर्व्हिल."

तरीही तो खाली उतरला आणि बंपरपुढे वाकून बघू लागला.