‘वॉक्सम’ला कुणी ओढलं

कप्तान टाल्क्विस्तनं वाफेच्या दाबाच्या तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यानं पुन्हा मारली.

“कप्तान, टिचक्या मारून वाफ येत नाही,” तोंडावरची काजळी पुसत इंजिनवाला फागरलुंड म्हणाला. “तिसरी नळी फुटलीय. मागितल्या नळ्या, कचेरीनं पाठवला काय, तर रंग! पांढरा!”

“मला ठाऊक आहे.”

“वर शिडं काढून नेली. आगबोटीला शिडं कशाला म्हणे.”

“मला ठाऊक आहे, फागरलुंड!”

टाल्क्विस्त तणतणत डेकवर आला. जकात खात्याची ‘वॉक्सम’ ही गस्तीची आगबोट वीस वर्षं फिनलंडचं आखात पालथं घालत होती. आता मात्र दक्षिणेचा मंद वारा आणि लाटा तिला ग्रोशेर बेटाच्या खडकांकडे ढकलत होत्या. नांगर टाकून झाला होता; तळ लागला नव्हता. डेकवरची माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांचं ते गप्प बघणंच त्याला सर्वांत जास्त खुपत होतं.

तेवढ्यात दक्षिणेकडून एक होडी आली. काठापर्यंत पाण्यात बसलेली. तपकिरी ठिगळाचं शीड त्यानं लगेच ओळखलं. ग्रोशेरची उल्रिका. नवरा गेल्यापासून ती एस्टोनियातून चोरटी दारू आणते हे अख्ख्या किनाऱ्याला माहीत होतं. तीन वर्षं तो तिच्या मागावर होता, आणि दर वेळी तिच्या होडीत हेरिंग माशांखेरीज काही सापडलं नव्हतं.

“आजच!” तो दातओठ खाऊन म्हणाला. “आजच यायचं होतं हिला!”

होडी पुढे गेली, थबकली, वळली. सुकाणूवरचा जावई सासूला काहीतरी पोटतिडकीनं सांगत होता. तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

“कप्तान,” तिनं खालून हाक दिली, “खडक दिसतायत का?”

“दिसतायत.”

“मग तिकडं कशाला निघालात?”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. टाल्क्विस्त वळला तेव्हा सगळे गंभीर होते.

“दोर टाका,” ती म्हणाली. “थोडं बाजूला ओढलं तरी खाडीत शिराल. पण एवढ्या ओझ्यानिशी तुमचं धूड हलायचं नाही. पिंपं वर घेता, का लोटू पाण्यात?”

पाण्यात लोटा म्हटलं असतं तर दारूचं प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तीन वर्षांची चिडचिड त्याच्या तोंडून बोलली.

“वर घ्या.”

उल्रिकानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती पहिल्या पिंपाला वाकली. अठरा पिंपं हातोहात वर आली. खलाशांनी ती मान खाली घालूनच घेतली.

दोन तास ओढणं चाललं. वारा पडला तेव्हा सासू-जावयानं वल्ही धरली. डावीकडून खडक इतके जवळून गेले की त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं.

खाडीत नांगर पडल्यावर ती वर आली. तळहात सोलवटले होते. टाल्क्विस्त केबिनमध्ये नोंदवही उघडून बसला होता.

“काय लिहिलंत?”

त्यानं वाचून दाखवलं. “‘अठरा पिंपं समुद्रात तरंगताना सापडली. मालक अज्ञात. वारा फिरला, आगबोट खाडीत आली.’ जा आता घरी.”

“वारा फिरला?”

“बाई, मी तुम्हाला सोडतोय. कळतंय का?”

“पिंपं घ्या तुम्ही. ती गेली, समजले मी. पण ओढलं कुणी? वाऱ्यानं?” तिनं दोन्ही हात त्याच्या वहीवर पालथे घातले आणि उलटे केले. “हे वाऱ्याचे?”

“तुमचं नाव लिहिलं तर पिंपं कुणाची ते शेंबडं पोरही विचारेल! होडी जाईल, तुम्ही तुरुंगात जाल. डोकं आहे का ठिकाणावर?”

“मला नाव कुठं लिहिता येतंय?” असं म्हणून तिनं त्याच्या हातातली लेखणी काढून घेतली.

‘वारा फिरला’ या शब्दांच्या शेजारी तिनं दोन तिरप्या रेघा ओढल्या आणि त्यांना छेदणारी तिसरी. वल्ह्यांवर, जाळ्यांच्या लाकडांवर तिच्या घरचे कोरत तीच खूण. कचेरीतल्या साहेबाला तो डाग वाटला असता. बेटांवरच्या कुणालाही ते नाव वाचता आलं असतं.

ती गेली. टाल्क्विस्तनं खूण खरवडायला चाकू उचलला, पातं कागदाला टेकवलं. मग चाकू मिटून त्यानं खिशात टाकला, आणि शाई पुरती वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.