प्रेमराज मिस्तरींच्या बोअरची फाईल

* भिकनचं वावर

बारावा वीसफुटी पाइप वर आला, तरी मोटर आली नाही.

प्रेमराज मिस्तरींनी बोअरच्या तोंडाशी वाकून पाहिलं. फोनवर ते छातीठोक बोलले होते, मोटर दोनशे चाळीस फुटांवर. त्याच बेतानं भिकननं नवी केबल कापून आणली होती. कापलेली केबल दुकानदार परत घेत नाही.

“मागला वरीसले तुम्हीच खाले सोडी ना, आबा! चार पाइप जोडेल शेतस.”

“मी?”

“मंग कोन, तुमना भूत?”

चेन ओढणारी माणसं हसली. प्रेमराज हसले नाहीत. तीस वर्षं शिरपूरकडच्या कुठल्याही बोअरची खोली ते हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगत आले होते. लोक त्यांना बोलवत, ते त्यासाठीच.

* धुळे

** पुनम

प्रेमराजांची मुलगी पुनम धुळ्यात कॉम्प्युटरचं काम करायची. बापाच्या अकरा डायऱ्या टाइप करून तिनं एकच फाईल केली होती. एका चांदणीचं शीर्षक म्हणजे गाव, दोन चांदण्यांचं शेतकरी, तीन चांदण्यांचं बोअर. आतलं मिटलं की नुसती गावं दिसत. पण शीर्षकांची यादी मागितली की कॉम्प्युटर दर वेळी पहिल्या ओळीपासून सगळी फाईल वाचत बसे.

“इतला टाइममा तर मी सायकलवर जाईसन पाही येसू,” प्रेमराज म्हणाले.

रविवारी घरी येऊन पुनमनं सोय केली. यादी एकदाच काढायची, बाजूला जपून ठेवायची. नाव निवडलं की थेट त्या जागी.

* चूक

प्रेमराजांनी एका बोटानं भिकनच्या बोअरखाली लिहिलं : आणखी चार पाइप, एकूण तीनशे वीस फूट, मीच सोडली. मग यादीतून पुढच्या गावावर गेले. उतरले ते भिकनच्याच ओळींत.

“पुनम, हाई तर भलत्याच वावरमा लई जास.”

तिनं पाहिलं आणि ओशाळली. “मधे ओळी वाढल्या ना, आबा. जागा सरकल्या. ते मात्र जुन्याच यादीवरून चाललंय.”

प्रेमराज स्क्रीनकडे बघत राहिले.

“म्हंजे मनीच गत.”

पुनमनं कीबोर्ड पुढ्यात ओढला. बराच वेळ बटणं वाजत राहिली.

“आता फाईलमधे काही बदललं, की कॉम्प्युटर जुनी यादी टाकून देईल. नवी काढेल.”

“माले बी तशी सोय करी दे ना, पोरी.”

* फोन

सोमवारी सकाळी अंगणात चहा घेताना प्रेमराजांना शालिग्रामचा फोन आला. “आबा, मना निंबखालना बोअरनी मोटर कितली खोल शे?”

एकशे ऐंशी. आकडा जिभेवर आला होता. प्रेमराजांनी तो गिळला.

“थांब भाऊ. पाहीसन सांगस.”

पलीकडून जपून आवाज आला, “आबा, तब्येत बरी शे ना?”

“बठ्ठं बरं शे. थांब.”

ते घरात कॉम्प्युटरपाशी गेले. चष्मा लावला. गाव. शालिग्राम. निंबाखालचा बोअर.

दोनशे साठ.

“तेरा पाइप,” ते म्हणाले. “केबल त्या मापानं आन.” फोन ठेवल्यावर त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला, ओळीवर बोट ठेवून.

कप बाहेर ओट्यावर राहिला होता. चहावर साय धरली होती.