वाढवून सांगितलेला शब्द

सेहेचाळीस साली चिमाजी जपान्यांच्या कैदेतून वरव्याला परतला, तो नुसता हाडांचा सापळा होऊन. पण गाव कसलं ऐकतंय! पारावर बसवून त्याच्याकडून जपानी वदवून घ्यायचे. ‘किट्तो’ म्हणजे सोळा आणे खात्री, ‘ताबुन’ म्हणजे बहुतेक, अन् ‘मोशिकाशितारा’ म्हणजे झालं तर झालं. माणसं पोट धरून हसायची. तिकडं याच शब्दांवर जीव टांगलेला असायचा, हे त्यांना कोण सांगणार? उद्या तांदूळ येणार का, आजाऱ्याला औषध मिळणार का, सगळं पहारेकऱ्याच्या एका शब्दावरून ताडायचं.

एका सकाळी गेनूची बायको रतनबाई दारात आली. गेनू चिमाजीच्याच पलटणीतला. सरकारी कागदावर त्याच्या नावापुढं ‘बेपत्ता’ एवढंच होतं. तिच्या बापानं शिवऱ्याला तिचा पाट ठरवला होता. सासू सगुणाबाई मात्र म्हणायची, माझा पोरगा येणार.

“भावजी, खरं सांगा. ह्ये येत्याल का?”

चिमाजी म्हणाला, “बहुतेक न्हाई, वैनी.”

“बहुतेक म्हंजी काय? सोमवारी शिवऱ्याची मानसं यायची हायेत. नवरा जिता असंल तर म्या पाट लावायची न्हाई.”

ती उंबऱ्यातून हलेना. शेवटी तो खाली बघत म्हणाला, “न्हाई येत. बंदरातनं निघतानाच इमानांनी जहाज बुडवलं. म्या डोळ्यानं बघितलं.”

“जहाजात कशापायी गेले?”

आता लपवायचं तरी किती? त्यानं सगळं सांगून टाकलं. तापानं पडलेल्यांना जहाजानं दवाखान्यात नेणार, असं ठरलं होतं. गेनू म्हणाला, मी हितंच पडून ऱ्हातो. चिमाजीनं पहारेकऱ्याला विचारलं, तिकडं खरंच दवाखाना आहे का? तो म्हणाला, ताबुन. अन् गेनूला धीर यावा म्हणून चिमाजीनं सांगितलं, “नक्की हाय गड्या, ऊठ.” पाठुंगळी घेऊन त्यानंच त्याला जहाजावर चढवला. मेल्या जिभेला काय धाड भरली होती!

“जे मागं ऱ्हायले, त्यांचं काय झालं?” रतनबाईनं विचारलं.

“अकरा जन हुते.” चिमाजीला हुंदका आवरेना. “अकराच्या अकरा घरी आले.”

ती रडली नाही. पदराच्या टोकानं तिनं कपाळावरचं कुंकू पुसलं.

“उठा,” ती म्हणाली. “आत्याबाई घरी हायेत. ह्ये समदं त्यास्नी तुमी सांगा. आन तिथं बहुतेक म्हनू नका.”