मंगळवारचा धुतलेला सदरा

खसखशीचं वाळलेलं बोंड हालीनानं कानाशी धरून हलवलं... आत दाणे खुळखुळले, अगदी बारीक, लांबून वाळूवरून कुणी चालत यावं तसे — आणि तिनं ते घाईघाईनं जुडीत खोचून टाकलं. गव्हाच्या ओंब्या, दवणा, कुंपणाजवळची पिवळी रानफुलं. मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी फादरांनी सगळ्यांच्या जुड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं होतं, पण घरी येईस्तोवर जुडी सैल झाली, आणि आता ती पुन्हा बांधताना दोरा गाठीतून निसटत होता. आईच्या हातून कधी निसटला नसता. आई हिवाळ्यात गेली.

बाहेर पान हलत नव्हतं. नारेव नदीच्या अंगाला आभाळ शिशासारखं झालं होतं, तरी पाऊस नव्हता, वारा नव्हता, नुसतं दडपल्यासारखं. पलीकडच्या काठावर जत्रा भरली होती. योविता — हालीनाची मुलगी — आणि तिची चार वर्षांची बाशा जेवण झालं की तराफ्यानं पलीकडे जाणार होत्या. दरवर्षी सगळं गाव जातं. त्यात काय एवढं.

...त्यात काय एवढं, असं वडीलही म्हणाले होते. तो मंगळवार होता. वडील वालेंती झाडं तोडायला रानात निघाले होते, फाटकापर्यंत पोचलेही होते, आणि आई मागून धावत गेली. "थांबा. हा सदरा बदला."

"अगं, रानात जातोय मी, चर्चमध्ये नव्हे."

"बदला म्हणते ना."

हसत हसत त्यांनी फाटकातच सदरा बदलला. पांढरा, इस्त्रीचा, रविवारचा. नऊ वर्षांची हालीना उंबऱ्यावर बसून बघत होती. वडिलांची उघडी पाठ किती गोरी होती तेवढं तिला अजून दिसतं. दुपारी त्यांना बैलगाडीतून आणलं. पडतं झाड अंगावर आलं होतं. सदरा मात्र — हे नंतर गावभर झालं — सदरा मात्र जवळजवळ स्वच्छ होता.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोलायला लागले ते इरेन्काच्या वेळी. इरेन्का धाकटी, पाच वर्षांची. त्या दिवशी सण नाही, वार नाही, आणि आईनं तिला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, नवी फीत बांधली. संध्याकाळी बदकांच्या मागे धावता धावता इरेन्का नदीत गेली. फीत सुटली नव्हती.

मग गेनोवेफाला — आईला — मरण आधीच कळतं, असं गावात झालं. आई वाटेनं यायला लागली की बायका तान्ह्या पोरांच्या तोंडावर रुमाल ओढायच्या. शेजारची श्तेफा तर विहिरीवर चारचौघींत म्हणाली होती, "गेनोवेफे, माझी पोरं मळकीच बरी आहेत हं बाई. तुझे साबणाचे हात जरा लांबच ठेव." आई बादली भरून निघाली. आणि तीच श्तेफा, सासरा गेला तेव्हा, प्रेताला आंघोळ घालायला आईलाच बोलवायला आली. मेलेल्याला आता काय बाधणार! गावातली सगळी प्रेतं पुढे आईनंच धुतली, कपडे चढवले, हातांत जपमाळ गुंडाळली. नाही म्हणाली नाही.

पण गावाचं सोडा — हालीना स्वतः? आईच्या हातात घडीचा झगा दिसला की ती गवताच्या माळ्यावर चढून बसायची. शाळेत मळक्या कपड्यांत जायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा पांढऱ्या झग्याची बटणं तिनं नणंदेकडून लावून घेतली. आई दारात उभी होती, हात एप्रनखाली घेऊन. आत ये, असं कुणी म्हटलं नाही. तीही आली नाही...

गेल्या हिवाळ्यात, आईचा रात्रीचा झगा बदलताना, आई एकदम हसली होती. दात नव्हते, लहान मुलीसारखं हसू.

"आता तू मला धुतलेलं घालतेस होय?"

आणि आयुष्यभर न विचारलेलं हालीनाच्या तोंडून निघून गेलं. "आई, तुला कळलं होतं का गं? बाबांचं? इरेन्काचं?"

आईनं दुसरा हात बाहीत घातला.

"मला काय कळणार, पोरी? मला भीती वाटायची. रोजच वाटायची. तुम्ही दाराबाहेर पडलात की वाटायचं, आज काही झालं तर निदान माझं माणूस स्वच्छ असू दे. कितीदा सदरे बदलले तुझ्या बापाचे! किती न्हाऊ घातलं तुम्हाला! संध्याकाळी तुम्ही धडधाकट परत यायचात. ते दिवस कुणी ध्यानात ठेवले?"

हालीनानं झग्याची नाडी बांधली. आईचा हात धरावा असं वाटलं होतं. तिनं उशी सारखी केली.

"आजी!"

बाशा स्वयंपाकघरातून आली ती जांभळी होऊन. डंपलिंगमधल्या रानबेरीचा रस हनुवटीवरून ओघळून थेट पोटापर्यंत.

"आई, तिला दुसरं काहीतरी चढव ना पटकन," योविता आतून ओरडली, "तराफा सुटेल!"

कपाटात पांढरा झगा होता. हालीनानं तो काढला, आणि हात तिथेच थांबला. सण आहे. सणाला सगळेच धुतलेलं घालतात. तसंच जाऊ दे म्हणावं, जत्रेत कोण बघतंय... की थांबा म्हणावं, आभाळ बघा? योविता हसेल. म्हणेल, तू अगदी आजीसारखी व्हायला लागलीस.

"हात वर," ती म्हणाली. बाशानं हात वर केले. बटणं पाठीवर होती, लहान, निसरडी. एकेक लागत गेलं. मानेवरून तिनं केस बाजूला केले. उबदार, घामाचा, पोराचा वास आला... आणि तिला आईची बोटं आठवली नाहीत, फाटक आठवलं नाही. एवढंच जाणवलं की आई असंच वाकून उभी असायची, रोज, आणि आपण माळ्यावर.

"आजी, घट्ट होतंय."

"हो गं. सोडते."

त्या गेल्या. बाशा उतारावरून उड्या मारत, योविता मागे छत्री घेऊन. हालीना दारात उभी राहिली. नदीकडून गडगडल्यासारखं झालं, किंवा तराफ्याच्या फळ्या वाजल्या असतील. हाक मारायला तिनं तोंड उघडलं. छातीत काहीतरी घट्ट, थंड बसलं होतं, आणि ते कळलेलं आहे की नुसती भीती आहे, हे कसं ओळखायचं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईलाही ते ओळखता आलं नसेल... एकाही दिवशी.