टपका आंबे

“भेट खानांनी ठरवली, एवढं लिहून द्या, प्रकरण मिटेल, असं सचिव म्हणाले.” हे दारात बसून बूट काढत होते. लेसची गाठ सुटत नव्हती.

“मग?”

“मग काय? राजीनामा देऊन आलो.”

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. हे तेव्हा लखनौला राज्य सरकारचे फळबागांचे वरिष्ठ सल्लागार होते. मलिहाबादचा दशहरी आंबा परदेशी जावा म्हणून एका वकिलातीच्या अधिकाऱ्यांना मागच्या हंगामात तिथले बागायतदार फाखिर खान यांच्या बागेत भेटले, आणि खात्याला कळवलं नाही. ते वर्तमानपत्रात आलं आणि चौकशी लागली.

“अहो, पण कळवलं का नाही?”

“फाइल पावसाळाभर फिरली असती. आंबा थांबतो का? पण चूक ती चूकच, माणिक. नियम मला ठाऊक होता. खानांनी नुसती बाग दाखवली, चहा पाजला. त्यांचं नाव कागदावर गेलं की पोलीस बागेत जातील. मग त्यांचा माल कोण उचलेल?”

आमची सावनी कॉलेजात होती. रडवेली होऊन म्हणाली, “पापा, सब लोग तो नाम बता देते हैं!”

“बता देते होंगे,” हे म्हणाले आणि पुन्हा त्या गाठीला लागले.

हजरतगंजजवळचा सरकारी बंगला सोडून आम्ही विकास नगरात दोन खोल्यांत आलो. फोन मुका झाला. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका बाजारात मला बघून उगाच भेंडी निवडत वाकून उभ्या राहायच्या.

दर जूनमध्ये बंगल्यावर खानांकडून दशहरीची पेटी यायची. कागदात गुंडाळलेले, एकसारखे, डाग नसलेले आंबे. त्या वर्षी हे तोंडाने काही बोलत नव्हते. पण फाटक वाजलं की हातातलं वर्तमानपत्र खाली यायचं.

एका दुपारी खान स्वतः आले, स्कूटरला टोपली बांधून. टोपली उघडली तर आंबे तडकलेले, चीक लागलेले, कुठे माती. माझा चेहरा पडला. खुर्ची गेली, म्हणून आता असले आंबे!

“इस बार पेटी नहीं लाए, भाईसाहब?” माझ्या तोंडून गेलंच.

खान हसले. “पेटी तो अफ़सरों को जाती है, भाभी. कच्चा तोड़ा, घर में पकाया, भेज दिया. यह टपका है. डाल पर पका, अपने आप गिरा. इसे हम न बेचते हैं, न तोहफ़े में देते हैं. बस घरवाले खाते हैं. इतने बरस हिम्मत नहीं हुई. साहब को गिरे हुए आम कैसे देता?”

हे उठले. न्हाणीघरातली बादली आणली, पाणी भरलं आणि एकेक आंबा धुऊन त्यात सोडला.

आता हे नाहीत, खानही नाहीत. देवाने मला पुष्कळ दिलं. पण हात जोडले की डोळ्यांपुढे ती बादलीच येते. वकिलातीच्या लोकांसमोर काट्याने फोडी खाणारे हे, बनियनवर फरशीवर बसलेले, कोपरापर्यंत रस ओघळतोय. समोर खान. जास्त फुटलेले आंबे गुपचूप स्वतःकडे घेत होते, आणि बरे असतील ते ह्यांच्या बाजूला सारत होते.